मध्ययुग कधी संपले? गोव्यातील संशोधन-प्रशिक्षणामागचा जुना घोळ

मध्ययुगीन इतिहास घेऊन एम.ए. करणाऱ्याने आधी मोडी शिकायची की सोळाव्या शतकातले पोर्तुगीज हस्ताक्षर वाचायला बसायचे? गोव्यात या प्रश्नाचे उत्तर ‘मध्ययुग’ या शब्दाचा अर्थ काय लावता, त्यावर ठरते. आणि तो अर्थ इथे कधीच नीट लागलेला नाही.

भारताच्या क्रमिक पुस्तकांत मध्ययुग अठराव्या शतकापर्यंत चालते. युरोपचा इतिहास शिकवणारे ते १५०० च्या आगेमागे आटोपतात. गोव्यात या दोन्ही पट्ट्या एकाच नकाशावर येऊन पडल्या. १५१० मध्ये राजधानीचे बेट, म्हणजे तिसवाडी, पोर्तुगिजांकडे गेले म्हणून तिचे मध्ययुग तिथेच संपवायचे, असा एक पक्ष. मग बारदेश-सासष्टीचे काय? ते १५४३ मध्ये कायमचे त्यांच्याकडे गेले. आणि फोंडा? आज बाणस्तारीचा पूल ओलांडला की फोंडा तालुका लागतो, पण तो पोर्तुगिजांच्या हाती आला १७६३ मध्ये. मधल्या काळात तिथे आदिलशाही होती, मराठे होते, सौंदेकर (सोंद्याचे राजे) होते. म्हणजे जुन्या काबिजादीत (सोळाव्या शतकात जिंकलेल्या भागात) अर्वाचीन काळ सुरू होऊन अडीचशे वर्षे झाली तरी नव्या काबिजादीत (अठराव्या शतकात मिळालेल्या भागात) मध्ययुगच. ओढ्यापलीकडचे शेत वेगळ्या युगात असावे तसा हा प्रकार आहे.

वाद सर्वांत जास्त रंगतो तो १५२६ च्या फोरालवरून. तिसवाडीच्या गांवकारींचे, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या ग्रामसंस्थांचे, रीतिरिवाज नोंदवणारी ही सनद. लिहिली पोर्तुगिजांनी, तीही राज्य आल्यावर सोळा वर्षांनी. पण तिच्यात आहे ते जमिनीचा लिलाव, वारसा, गावसभेतला मानाचा क्रम, म्हणजे आधीपासून चालत आलेले गाव. तिला वसाहतकाळाचे साधन म्हणून बाजूला ठेवले, तर गोव्याच्या मध्ययुगीन गावाबद्दल बोलायला हातात थोडे कोरीव लेख आणि ताम्रपट उरतात. मध्ययुगाचे साधन धरले, तर परकी राज्यकर्त्याने महसुलासाठी करून घेतलेली नोंद जशीच्या तशी खरी मानण्याचा धोका. माझ्या मते ती मध्ययुगाच्याच विद्यार्थ्याने वाचावी, फक्त संशय शाबूत ठेवून. तसे केले की पोर्तुगीज भाषा त्याला टाळता येत नाही, आणि इथेच बरेच जण विषय बदलतात.

पोर्तुगिजांच्या आधीच्या, गोव्याच्या कदंब राजांच्या काळासाठी तयारी आणखी वेगळी. लेख संस्कृत आणि कन्नड. काहींत शकाऐवजी कलियुगाचे वर्ष. कलि ४२७० म्हणजे इ.स. ११६९, हा हिशेब आधी जमावा लागतो. मोडी कागदांत सुहूर सन, म्हणजे अरबी शब्दांत आकडे लिहिलेली कालगणना, आडवे येते. ‘सबा खमसैन मया व अलफ’ हे उलट्या क्रमाने मांडायचे: सात, पन्नास, शंभर, हजार. झाले ११५७. त्यात ५९९ मिळवले की १७५६. पण हे वर्ष मृगाला सुरू होत असल्याने कागद पौष-माघातला असेल तर १७५७. बोरू न उचलता लिहिलेल्या ओळीत शब्द कुठे तुटतो हे कळेपर्यंतच एक सकाळ जाते.

गोव्याचे दफ्तर १५९५ पासूनचे, देशातल्या जुन्या दफ्तरांपैकी एक. पावसाळी वाऱ्यांवर येणाऱ्या जहाजांच्या पत्रव्यवहाराचे ६२ खंड १७७७ मध्ये लिस्बनला गेले, बाकीचे इथे राहिले. गांवकारींच्या जुन्या नोंदींत गोंयकानडी ही कन्नड वळणाची जुनी लिपी भेटते. ती वाचू शकणारे आज विरळा.

१९६१ पर्यंत शिकलेल्या गोंयकाराला पोर्तुगीज शिकावी लागत नसे, ती येतच असे. नंतर शिक्षण इंग्रजी-मराठीकडे वळले आणि ती संशोधनासाठी मुद्दाम शिकायची भाषा झाली. पदव्युत्तर शिक्षण आधी मुंबईच्या विद्यापीठाच्या पणजीतल्या केंद्रामार्फत चाले. स्वतंत्र विद्यापीठ १९८५ चे. त्यानंतर २००९ च्या केंद्रीय नियमांनी पीएच.डी.ला किमान एका सत्राचे कोर्सवर्क सक्तीचे केले. २०१९ च्या अखेरीस त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतीचा ३० तासांचा पाठ्यक्रम आला. उचलेगिरी कशी ओळखायची हे आता सगळ्यांना शिकवतात, आणि ते चांगलेच आहे. पण हे नियम सगळ्या विषयांना सारखे असल्यामुळे त्यांत लिपीवाचनाला जागा राखलेली नाही. ज्याला हवी त्याने ती सुट्टीतल्या वर्गात शिकावी.

२०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केली. इतिहासवाल्यांचे नुकसान तिथे जास्त झाले. एम.ए. आणि पीएच.डी.च्या मधल्या त्या दीड-दोन वर्षांत एखादी लिपी हाताला बसायची, दफ्तराची सूची कशी पाहायची ते कळायचे. आता ते सगळे एम.ए.च्या शेवटच्या वर्षात, प्रबंधिका लिहिता लिहिता उरकायचे. त्यामुळे विद्यार्थी छापील, भाषांतरित साधन असलेलाच विषय निवडतात, आणि फोंड्याची ती अडीचशे वर्षे दफ्तराच्या रुमालांत बांधलेली राहतात.