कॉन्ट्रास्ट वेगळा, बॅकलाइट वेगळा

सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा, म्हणजे सोळा बाय दोनचा एलसीडी आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडला, निळा उजेड पडला आणि अक्षर मात्र एकही उमटले नाही, की बहुतेक विद्यार्थी एक तर कोडची मोडतोड सुरू करतात किंवा मॉड्यूल जळाले असे जाहीर करून दुकान गाठतात. त्याआधी कॉन्ट्रास्ट ठरवणाऱ्या पिन ३ कडे पाहावे हे कितीदा सांगितले, तरी उजेड आला म्हणजे डिस्प्ले चालू झाला हा समज काही केल्या जात नाही.

बॅकलाइटबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. काचेमागे एलईडी असतो आणि त्याची टोके सहसा पिन १५ व १६ वर आणलेली असतात. मॉड्यूलवर आधीच रेझिस्टर नसेल, तर २२० ओहमचा लावावा. अक्षरे दाखवणाऱ्या एचडी४४७८० कंट्रोलरशी या एलईडीचा काहीही संबंध नसतो.

खरी गफलत कॉन्ट्रास्टची आहे. अक्षर किती गडद दिसेल, हे पिन २ (पुरवठा) आणि पिन ३ यांच्यातील व्होल्टेजच्या फरकावर ठरते; म्हणजे पिन ३ वरचा व्होल्टेज जितका कमी, तितके ठिपके गडद. पाच व्होल्टच्या नेहमीच्या मॉड्यूलला तेथे साधारण अर्धा ते एक व्होल्ट लागतो. त्यासाठी १० किलोओहमच्या प्रीसेटची (फिरवून बदलता येणाऱ्या छोट्या रेझिस्टरची) कडेची दोन टोके पाच व्होल्ट आणि ग्राउंडला, तर मधले टोक पिन ३ ला जोडावे. काही रुपयांचा प्रीसेट वाचवण्यासाठी पिन ३ थेट ग्राउंडला बांधण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही, कारण मग अक्षरांमागचे चौकोनही काळवंडतात. पुरवठाच ३.३ व्होल्टचा असेल, तर पिन ३ ग्राउंडला नेऊनही फरक ३.३ व्होल्टच्या पुढे जात नाही, आणि पाच व्होल्टचे मॉड्यूल फिकटच राहते.

तपासणी सोपी आहे. प्रीसेट हळूहळू ग्राउंडच्या बाजूला फिरवावा. वरच्या ओळीत भरीव चौकोन उमटले, तर कॉन्ट्रास्ट ठीक आहे आणि कंट्रोलरला सुरुवातीच्या आज्ञाच पोहोचलेल्या नाहीत. आता वायरी आणि कोड तपासावा. मात्र प्रीसेट पूर्ण फिरवूनही चौकोन दिसत नसतील, तर कोड बदलणे व्यर्थ आहे. मल्टिमीटर घेऊन पिन १ (ग्राउंड), २ आणि ३ वरचे व्होल्टेज मोजावेत.

या गोंधळाला निळी मॉड्यूल बरीच जबाबदार आहेत. त्यांची पांढरी अक्षरे बॅकलाइटशिवाय जवळजवळ वाचताच येत नाहीत, म्हणून दोन्ही गोष्टी एकच वाटतात. हिरवट-पिवळ्या मॉड्यूलवरची काळी अक्षरे खोलीतल्या उजेडातही दिसतात. शिकणाऱ्याने तेच घ्यावे.

मागे आयटूसी बोर्ड (दोनच वायरींवरून आज्ञा पोहोचवणारा) असला, तरी भेद तोच राहतो. त्यावरचा निळा प्रीसेट कॉन्ट्रास्टचा आणि कडेचा जंपर बॅकलाइटचा. ‘ब्राइटनेस वाढव’ म्हणत प्रीसेट फिरवणारे पाहिले की चीड येते. लायब्ररीतील बॅकलाइटची आज्ञा त्या बोर्डावरच्या पीसीएफ८५७४ चिपच्या एका पिनवरून ट्रान्झिस्टर चालू-बंद करते, पण कॉन्ट्रास्टसाठी एचडी४४७८० मध्ये आज्ञाच नाही. ‘नोडिस्प्ले’ या आज्ञेने अक्षरे लपतात, पण एलईडी पेटलेलाच राहतो, तेव्हा बॅटरीवरच्या प्रोजेक्टमध्ये ‘नोबॅकलाइट’ही द्यावे लागते.