‘ट्रॅव्हेल’: तीन खुंटांपासून यातायातीपर्यंत

इंग्रजीतला ‘ट्रॅव्हेल’ (travail) हा शब्द वाचताना बरेच जण ‘ट्रॅव्हल’ (travel) समजून पुढे जातात. एका मात्रेचा फरक, पण एकाचा अर्थ जीव मेटाकुटीला आणणारे कष्ट आणि दुसऱ्याचा प्रवास. गंमत अशी की मुळात हे दोन शब्द नव्हतेच.

लॅटिनमध्ये ‘ट्रिपालियम’ म्हणजे तीन खुंट. सहाव्या शतकातल्या उल्लेखांत हे छळाचं साधन म्हणून येतं. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘छळणं, यातना सोसणं’ या अर्थाचं क्रियापद आणि त्यापासून ‘त्रावाय’ हे नाम आलं, अशी रूढ व्युत्पत्ती आहे. काही फ्रेंच अभ्यासकांना ती मान्य नाही. मात्र नाल ठोकताना जनावराला ज्या लाकडी चौकटीत जखडतात, तिलाही फ्रेंचमध्ये ‘त्रावाय’च म्हणतात, हे विसरून चालत नाही.

पुढे फ्रेंचांनी या शब्दातली वेदना झिजवून टाकली. आज त्यांच्याकडे ‘त्रावाय’ म्हणजे साधं काम, नोकरी. स्पॅनिश ‘त्राबाहो’चंही तेच झालं. इंग्रजांकडे रोजच्या कामाला ‘वर्क’ आणि ‘लेबर’ होतेच. त्यामुळे इंग्लंडवरच्या फ्रेंचभाषक नॉर्मन राजवटीनंतर आलेल्या या शब्दाकडे दुखणंच राहिलं. बाळंतपणाच्या कळांनाही तोच शब्द. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये वेणा देणारी बाई ‘इन ट्रॅव्हेल’ असते.

आणि प्रवास? मध्ययुगात वाट तुडवणं हेच मोठं कष्टाचं काम, म्हणून चौदाव्या शतकात त्याच शब्दाला प्रवासाचा अर्थ चिकटला. सतराव्या शतकापर्यंत दोन्ही स्पेलिंगं सर्रास एकमेकांच्या जागी येत. नंतर वाटण्या झाल्या.

आज ‘ट्रॅव्हेल’ लेखी भाषेतच जास्त दिसतो, तोही बहुधा अनेकवचनी. ऑफिसात उशिरापर्यंत थांबावं लागलं तर तो वापरू नये, हास्यास्पद वाटेल. एखाद्या कुटुंबाचा वर्षानुवर्षांचा वनवास सांगायचा असेल, तिथे तो शोभतो. मराठीत ‘मेहनत’ म्हणून भागत नाही, ‘हालअपेष्टा’ जवळचा.

खरा जुळा मात्र ‘यातायात’. संस्कृतात त्याचा अर्थ जाणं-येणं. मराठीत त्या खेपांची दगदग तेवढी उरली: ‘एका दाखल्यासाठी केवढी यातायात!’ इंग्रजी शब्द कष्टांकडून प्रवासाकडे गेला, आपला प्रवासाकडून कष्टांकडे आला. हिंदीने मूळचा अर्थ जपला, म्हणूनच इंदूर-भोपाळकडे ‘यातायात पुलिस’ ही पाटी दिसली की मराठी माणसाला हसू आवरत नाही.