सिमेंटची फिरती भट्टी

चुनखडी, माती आणि थोडे लोहयुक्त द्रव्य यांची बारीक पूड भाजून तिचे ‘क्लिंकर’ नावाचे करडे-काळे खडे करणारी, किंचित उतारावर आडवी ठेवलेली आणि स्वतःभोवती सावकाश फिरणारी पोलादी भट्टी. कारखान्यात तिला ‘किल्न’ म्हणतात, बोलताना बहुतेकदा ‘किलन’. क्लिंकर जिप्समबरोबर दळले की सिमेंट तयार होते. म्हणजे सिमेंटमधले खरे रसायन या भट्टीतच घडते. आधीचे दळण आणि नंतरचे दळण ही तिची उस्तवार आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला एक लांबलचक नळ फिरताना दिसतो, एवढेच. पण हा नळ एकाच वेळी चार कामे करतो : माल पुढे नेतो, त्याला उष्णता देतो, त्यात रासायनिक बदल घडवतो आणि स्वतःचे शेकडो टन वजन तापलेल्या अवस्थेत पेलतो. या चारही कामांच्या मागण्या एकमेकींच्या आड येतात. नळ लांब केला तर माल जास्त वेळ आत राहतो, पण पोलाद वाकते. जाळ वाढवला तर उत्पादन वाढते, पण विटा झिजतात. भट्टीचा आराखडा म्हणजे या मागण्यांमधली तडजोड. गेल्या शंभर वर्षांत ती बऱ्याच अंशी एकाच मार्गाने सुटत गेली. जे काम भट्टीबाहेर करता येईल ते बाहेर काढायचे.

आत काय घडते

पूड वरच्या टोकाकडून आत येते आणि जाळ खालच्या टोकाकडून. माल उतरत जातो, गरम वायू चढत जातो, दोघे समोरासमोर भेटतात. साधारण ८५० ते ९०० अंश सेल्सियसला चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. या पायरीला सर्वांत जास्त उष्णता लागते. पुढे चुना आणि सिलिका यांचे संयुग, बेलाइट, बनते. १३०० अंशांच्या वर मालाचा साधारण चौथा हिस्सा वितळतो. या चिकट द्रवात उरलेला चुना आणि बेलाइट विरघळून अलाइट तयार होते. काँक्रीटला पहिल्या काही दिवसांत जी ताकद येते ती मुख्यतः अलाइटची. त्यासाठी माल १४५० अंशांच्या आसपास न्यावा लागतो, आणि तो नेण्यासाठी जाळ त्याच्याहून बराच गरम, २००० अंशांच्या घरात, असावा लागतो.

भट्टी फिरती का, याचे उत्तरही इथेच आहे. अर्धवट वितळलेला माल स्थिर ठेवला तर त्याचा एक ढेकूळ होऊन बसेल. फिरण्यामुळे तो लोळतो आणि लाडूसारखे गोळे वळले जातात. शिवाय जाळाने तापलेली वरची वीट फिरून मालाखाली येते आणि त्याला खालून शेकते. पोळी दोन्ही बाजूंनी भाजावी तसे हे भाजणे आहे.

लांब होत गेलेली, मग आखूड झालेली

जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये पोर्टलंड सिमेंटचे एकस्व घेतले तेव्हा आणि त्यानंतरही कित्येक वर्षे भट्ट्या उभ्या, बाटलीच्या आकाराच्या असत. भरायची, पेटवायची, निववायची, फोडून माल काढायचा आणि पुन्हा भरायची. काही खडे करपलेले, काही कच्चे. फ्रेडरिक रॅन्सम यांनी १८८५ मध्ये फिरत्या भट्टीचे इंग्लिश एकस्व घेतले, पण तिथे ती नीट चालली नाही. ती रुळली अमेरिकेत, १८९० च्या दशकात, जेव्हा आधी तेल आणि मग कोळशाची पूड फुंकून जाळण्याची युक्ती जमली. त्या भट्ट्या ६० फुटांच्या आसपास लांब होत्या. थॉमस एडिसन यांनी न्यू जर्सीतल्या आपल्या सिमेंट कारखान्यात एकदम १५० फुटांची भट्टी बसवली. दिव्याच्या एडिसनचे हे काम आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही, पण लांब भट्टीत इंधन कमी लागते हे त्यातून दिसले आणि पुढे सगळेच लांब भट्ट्या बांधू लागले.

त्या काळी बराच कच्चा माल पाण्यात कालवून, राबडीसारखा भट्टीत सोडत. राबडीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी. ते आटवण्यासाठी भट्टीच्या वरच्या भागात टनावारी लोखंडी साखळ्या लोंबकळत ठेवत. त्या गरम वायूत तापत आणि राबडीत बुडून तिला वाळवत. या ओल्या पद्धतीने भट्ट्या २०० मीटरच्याही पुढे गेल्या. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या क्लार्क्सव्हिलची भट्टी तर सुमारे २३० मीटर लांब होती. एक किलो क्लिंकरला १३००-१४०० किलोकॅलरी उष्णता लागे. रासायनिक बदलाला प्रत्यक्षात सव्वाचारशेच्या आसपास पुरतात. बाकीची मुख्यतः पाण्याच्या वाफेबरोबर, धुरांड्यातून आणि भट्टीच्या अंगातून निघून जाई.

वळण आले ते कोरड्या पुडीमुळे. जर्मनीत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिले सायक्लोन प्रीहीटर, म्हणजे पूड भट्टीत शिरण्याआधीच तापवणारे मनोरे, उभे राहिले. भट्टीतून निघणारा सुमारे हजार अंशांचा वायू एकावर एक बसवलेल्या चार-पाच-सहा सायक्लोनमधून (वायू गरगर फिरवणाऱ्या नरसाळ्यासारख्या भांड्यांमधून) वर जातो आणि पूड वरून खाली येते. इथे एक गैरसमज नेहमी होतो : उष्णता सायक्लोनच्या पोटात दिली जाते असे वाटते, पण ती बहुतेक सगळी दोन सायक्लोनमधल्या वायुनळात, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, दिली जाते. सायक्लोनचे काम पूड आणि वायू वेगळे करण्याचे. लांब भट्टीला जे काम करायला तासभर लागे ते इथे अर्ध्याएक मिनिटात होते.

१९७० च्या दशकात जपानी कंपन्यांनी पुढची पायरी रूढ केली, ती कॅल्सायनरची. प्रीहीटरच्या तळाशी वेगळे इंधन जाळायचे आणि चुनखडीतला वायू तिथेच काढून टाकायचा. एकूण इंधनापैकी ५५ ते ६० टक्के आता तिथे जळते आणि भट्टीत शिरणाऱ्या पुडीतली ९० टक्क्यांहून जास्त चुनखडी आधीच फुटलेली, म्हणजे वायू निघून चुना झालेली, असते. भट्टीकडे उरले फक्त शेवटचे, सर्वांत गरम काम. लांबी व्यासाच्या तीस-चाळीस पट असे, ती दहा ते सोळा पटींवर आली. उष्णता किलोमागे ७०० किलोकॅलरीच्या आसपास. इंधन वाचले तितका धूर घटला, पण चुनखडीच्या पोटातून निघणारा कार्बन डायऑक्साइड, क्लिंकरच्या टनामागे ५०० किलोंहून जास्त, भट्टी कितीही सुधारली तरी तेवढाच राहतो. सिमेंटवरची आजची सगळी चर्चा या आकड्यापाशी येऊन थांबते.

आकार कसा ठरतो

एक उदाहरण घेऊ. ६० मीटर लांब, विटा लावल्यावर आतून ४ मीटर व्यासाची भट्टी. उतार साडेतीन टक्के, म्हणजे २ अंश. दोन टोकांत फरक फक्त २ मीटरच्या थोडा वर. वेग मिनिटाला ४ फेरे. माल आत किती वेळ राहील याचे एक जुने, अजून वापरात असलेले सूत्र आहे : मीटरमधल्या लांबीला १.७७ ने गुणायचे, मालाच्या ढिगाच्या उतारकोनाच्या वर्गमुळाने गुणायचे आणि भट्टीचा अंशांतला उतार, व्यास व फेरे यांच्या गुणाकाराने भागायचे. ढिगाचा कोन ३६ अंश धरला तर उत्तर येते सुमारे २० मिनिटे. फेरे निम्मे केले की वेळ दुप्पट. म्हणून भट्टी चालवणाऱ्याच्या हातात वेग हे फार मोठे साधन असते. उतार मात्र बांधकामात ठरतो आणि मग बदलत नाही.

या भट्टीचे आतले आकारमान होते साडेसातशे घनमीटर. कॅल्सायनर असलेल्या भट्टीत घनमीटरमागे दिवसाला साडेचार टन क्लिंकर धरले तर ३४०० टन होतात. तरीही आत कुठल्याही क्षणी माल दिसतो तो तळाशी पसरलेला पातळ थर, पोकळीच्या पाच-दहा टक्के. उरलेली जागा जाळाची आणि वायूची. ती अपुरी पडली तर वायूचा वेग वाढतो आणि पूड माघारी उडते. म्हणून व्यास ठरवताना मालाइतकाच, किंबहुना जास्त, विचार वायूचा करावा लागतो.

जाळ, कोळसा आणि चंद्रपूर

वरच्या भट्टीत, मध्यम प्रतीचा कोळसा वापरला तर, खालच्या तोंडाच्या एका बर्नरमधून तासाला जवळपास १० टन कोळशाची पूड जळते. जाळ लांबट, घट्ट आणि मधोमध हवा. तो विटांना चाटला तर विटा जातात, आणि लुळा पडला तर क्लिंकर कच्चे राहते.

कोळशाची राख कुठे जाते? क्लिंकरमध्येच. भारतीय कोळशात ३५ टक्के राख सहज असते, म्हणजे शंभर किलो क्लिंकरमध्ये पाच-सहा किलो राखच. ती सिलिका आणि ॲल्युमिना असल्यामुळे कच्च्या मालात चुना तेवढा चढा ठेवावा लागतो. कोळशाची खाण बदलली की मिश्रण बदलावे लागते.

भारतात १९१४ मध्ये पोरबंदरला पोर्टलंड सिमेंटचे सलग उत्पादन सुरू झाले. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाखाली असल्यामुळे सिमेंटजोगी चुनखडी पूर्वेच्या टोकालाच सापडते. पैनगंगा आणि वर्धा यांच्या परिसरातली ही चुनखडी आणि जवळच वर्धा खोऱ्याचा कोळसा, म्हणून घुग्गुस, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही ही चंद्रपूर जिल्ह्यातली गावे आणि यवतमाळमधले मुकुटबन इथे भट्ट्या उभ्या राहिल्या. मुंबई-पुण्याच्या इमारतींतल्या कितीतरी सिमेंटचे क्लिंकर या पट्ट्यात भाजलेले असते.

अस्तर आणि कोटिंग

पोलादाचे कवच ४०० अंशांच्या पुढे कमजोर होऊ लागते आणि आत माल १४५० अंशांवर. मध्ये उभी असते ती २०-२२ सेंटिमीटर जाडीची उच्चतापसह वीट. कमी गरम भागात ॲल्युमिनाच्या विटा, जाळाच्या भागात मॅग्नेशियाच्या. पूर्वी मॅग्नेशिया-क्रोम चालत. पण वापरलेल्या विटांत विषारी क्रोमियम तयार होते, म्हणून क्रोम नसलेल्या मॅग्नेशिया-स्पिनेल विटा आल्या. विटा कमानीसारख्या एकमेकींना धरून बसतात आणि प्रत्येक कडे शेवटी चावीची वीट ठोकून आवळतात.

तरी उघडी वीट फार टिकत नाही. तिला वाचवते ‘कोटिंग’, म्हणजे अर्धवट वितळलेल्या मालाचा विटेला चिकटलेला थर. मालच आपल्या भट्टीचे अस्तर करतो, हे मला या सगळ्या यंत्रातले सर्वांत देखणे वाटते. कोटिंग गळाले आणि वीट पडली की कवचावर लाल डाग उमटतो. तो रात्री लांबूनही दिसतो. दिवसा पकडण्यासाठी कवचाचे तापमान सतत मोजणारा स्कॅनर लावतात.

कोटिंग वाढतच गेले की कडे होते, त्याला ‘रिंग’ म्हणतात, आणि भट्टीचा गळा आवळला जातो. पोटॅशियम, गंधक आणि क्लोरीन जाळाजवळ वाफ होतात, मागे जाऊन थंड जागी चिकटतात आणि पुन्हा मालाबरोबर येतात. हे चक्र वाढले तर प्रीहीटरचे नळ तुंबतात. हट्टी रिंग फोडायला खास औद्योगिक बंदूक वापरतात. तोंडातून आत गोळ्या झाडायच्या.

क्लिंकर भट्टीबाहेर पडताच झपाट्याने थंड करावे लागते, कारण १२५० अंशांच्या खाली रेंगाळले तर अलाइट मोडू लागते. जाळीच्या कूलरमध्ये खालून हवा फुंकतात. तीच तापलेली हवा भट्टीच्या आणि कॅल्सायनरच्या जाळाला जाते.

गोल राहण्याची धडपड

३०० अंशांना तापलेले ६० मीटर कवच सुमारे २० सेंटिमीटरने लांब होते आणि साडेचार मीटर व्यास दीडएक सेंटिमीटरने वाढतो. म्हणून त्याला कुठेही आवळून धरत नाहीत. ते दोन किंवा तीन ठिकाणी अखंड पोलादी ‘टायर’मध्ये सैल बसते, आणि प्रत्येक टायर दोन रोलरवर टेकतो. टायर कवचापेक्षा थंड, म्हणून कमी फुगतो. फट ठेवली नाही तर कवच टायरात आवळून कायमचे चेपते. फट जास्त झाली तर प्रत्येक फेऱ्यात लंबगोल होऊन विटा चुरडते.

ही फट मोजण्याची रीत अगदी साधी आहे. टायर आणि कवच यांवर सलग एक खडूची रेघ मारायची आणि एक फेरा होऊ द्यायचा. कवच टायरात किंचित सरकलेले असते, रेघेचे दोन तुकडे झालेले दिसतात. त्यांच्यातले अंतर १५ मिलिमीटर आले तर ३.१४ ने भागा : व्यासातली फट सुमारे ५ मिलिमीटर. रेघ तुटलीच नाही तर मात्र काळजी, कारण टायर आवळला गेलेला असतो.

भट्टी उतारावर असल्यामुळे खाली घसरू पाहते. एक आडवा थ्रस्ट रोलर तिला धरतो आणि तेलाच्या दाबाने काही तासांच्या फेरीत हळूहळू वर-खाली सरकवतो, म्हणजे टायर एकाच पट्ट्यात झिजत नाहीत. फिरवण्याचे काम कवचाभोवतीच्या मोठ्या दातेरी कड्याचे, म्हणजे गर्थ गिअरचे, आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचे, पिनियनचे.

मुख्य मोटरशेजारी आणखी एक छोटे यंत्र असते, बहुधा डिझेल इंजिनावर चालणारे. वीज गेली आणि तापलेली भट्टी जागीच थांबली, तर एका अंगाला गरम मालाचा ढीग आणि दुसऱ्या अंगाला थंड होणारे कवच, अशाने सगळी भट्टी केळ्यासारखी वाकते. तसे होऊ नये म्हणून हे इंजिन काही मिनिटांत सुरू करून भट्टीला पाव-पाव फेरा द्यायचा. आधी दर काही मिनिटांनी, मग निवेल तसा अंतराने, दिवसभर, रात्रभर. पाऊस पडत असेल तर मध्ये थांबायचे नाही, सावकाश फिरवतच राहायचे.