मेन बोर्ड, वरचा डीबी आणि गोव्यातले अर्थिंग

१९६१पूर्वी गोव्यात वीज होती ती मोजक्या शहरांपुरती. मुक्तीनंतर १९५६चे भारतीय वीज नियम इथे आले, १९६६ साली अर्थिंगची (उपकरणांचे धातूचे अंग तारेने जमिनीला जोडण्याची) आयएस ३०४३ ही संहिता निघाली आणि तारा हळूहळू सत्तरी-पेडण्यापर्यंत पोचल्या. तेव्हाच्या घरांत लाकडी बोर्ड, किटकॅट फ्यूज आणि पुष्कळदा नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली वायर, एवढेच अर्थिंग. पुढे प्लास्टिकचे पाइप आले आणि ते अर्थिंगही नकळत तुटले.

खरा गुंता झाला तो घरे वाढल्यावर. आखाताचा पैसा आला, चिरेबंदी घरावर मजला चढला, भाड्याच्या खोल्या आणि एसी आले, वर वेगळा डीबी (वीज वाटणारा डिस्ट्रिब्यूशन बोर्ड) बसला. या डीबीत न्यूट्रल (विजेची परतीची तार) आणि अर्थ (जमिनीकडे जाणारी सुरक्षेची तार) एकमेकांना जोडायचे का, यावर वायरमनांत अजून दुमत आहे. अमेरिकेत मेन पॅनलमध्ये दोन्ही जोडतात, पुढच्या पॅनलमध्ये वेगळे ठेवतात. आपल्याकडे न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो आणि घराचा अर्थ खड्डा स्वतंत्र असतो. म्हणून घरात ही जोडणी मेनलाही नको, वरही नको.

तरी ती होते, कारण जांभ्याची जमीन. पावसाळ्यात चिंब असलेला खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो, फेज आणि अर्थमध्ये लावलेला टेस्ट लॅम्प मंद जळतो, मग डीबीतच न्यूट्रलवरून अर्थच्या पट्टीला तुकडा ओढला जातो. लॅम्प लख्ख पेटतो आणि मालकाला वाटते काम झाले. जूनच्या वाऱ्यात माडाची झावळ पडून लाइनीचा न्यूट्रल तुटला, तर त्याच तुकड्यातून फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन अशा सगळ्यांच्या अंगात वीज उतरते. हा शॉर्टकट माणूस मारू शकतो. तो चालवून घेण्याजोगा मतभेद मुळीच नाही.

कोळसा-मीठ घालून, पाणी ओतून खड्डा सुधारतो, पण तोही एकटा पुरत नाही. खड्ड्याचा रोध २० ओहम धरला तर २३० व्होल्टला दोषप्रवाह जेमतेम साडेअकरा अँपिअर. त्याने १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की पडणारा स्विच) पडत नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (प्रवाहाची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) मात्र पडते. तिच्यानंतरच्या, घराकडच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल-अर्थ जोडलेले असतील तर ती सारखी ट्रिप होते, आणि लोक जोडणी शोधण्याऐवजी तिलाच बायपास करतात.

वरच्या डीबीसाठी दुसरा खड्डा मारायचा झाला, तर तो खालच्या खड्ड्याला वायरने जोडणे आवश्यक आहे. नाहीतर दोष आल्यावर एकाच घरातल्या दोन धातूंमध्ये व्होल्टेज उभे राहते. आता छपरावर सोलर बसवताना डीसी बाजू, एसी बाजू आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत नेणारा) यांचे असे तीन खड्डे मारतात. ते घराच्या जुन्या अर्थिंगला कुठे आणि कसे जोडायचे, हा वाद सध्या तिथे आला आहे.