९९ वर्षांचा भाडेपट्टा? तो भारताचा नव्हताच

ऑगस्ट आला की आमच्या गिरगावातल्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: ‘१९४७ ला स्वातंत्र्य मिळालंच नाही, ब्रिटिशांनी देश ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलाय.’ यंदा शेजारच्या काकांनीही काळजीने विचारलं, म्हणून लिहितोय.

ब्रिटिश संसदेच्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याला १८ जुलै १९४७ रोजी राजाची संमती मिळाली. जेमतेम २० कलमं आहेत, वाचून पाहा. भाडं, मुदत, परतफेड, काहीही नाही. उलट सहावं कलम सांगतं की इथलं विधिमंडळ ब्रिटिश संसदेचा कोणताही कायदा, अगदी हाच कायदासुद्धा, रद्द करू शकेल. आणि आपण तो केलाच! संविधानाच्या ३९५ व्या अनुच्छेदाने तो रद्द झाला. भाडेकरू मालकाचा कागद असा रद्द करू शकतो का?

२६ जानेवारी १९५० पर्यंत आपण डोमिनियन, म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः चालवणारा पण ब्रिटिश राजाला प्रमुख मानणारा देश होतो, राजा नाममात्र प्रमुख होता, हे खरं. गैरसमजाला तिथूनही खतपाणी मिळालं असावं.

९९ वर्षांचा खरा पट्टा हाँगकाँगमधल्या न्यू टेरिटरीज या भागाचा, १८९८ चा. तो १९९७ ला संपला.

आणि भाड्याने गेली होती ती आपली मुंबई! १६६८ मध्ये इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सने ती वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला दिली. २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण गेली, तीही इथूनच, गेटवेच्या कमानीखालून.