सायकलवरून बेल्जियन बिअर : सहलीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

नोंदणी झाली की बहुतेक पाहुण्यांचा पहिला फोन एकाच प्रश्नासाठी येतो : "रोज किती बिअर मिळणार?" त्याचं उत्तर सुरुवातीलाच देतो. कमी मिळणार. दिवसाला जास्तीत जास्त दोन ब्रुअऱ्या, तिघांत एक बाटली, आणि सायकल ठेवून होईपर्यंत प्रत्येकी फार तर दोन चवी. बाकीच्या बाटल्या संध्याकाळी, मुक्कामाच्या ठिकाणी, जेवणासोबत उघडतो.

आम्ही दोघं नवरा-बायको लूवनला राहतो आणि एका सहलीत आठपेक्षा जास्त पाहुणे घेत नाही. पाच दिवसांत बेल्जियमच्या उत्तरेकडच्या फ्लँडर्समधले दोन भाग पाहायचे आणि शेवटचा दिवस ब्रसेल्समध्ये घालवायचा, एवढाच बेत असतो. नकाशावर अंतरं किरकोळ दिसतात, तरी हे पत्रक निघण्याआधी नीट वाचा. इथल्या बिअरचा स्वभाव आपल्याकडच्या बिअरपेक्षा वेगळा आहे आणि तो माहीत असला की सहलीची मजा पुष्कळ वाढते.

कमी का?

वेस्टव्लेटरेनच्या मठातली '१२' नावाची बिअर घ्या. तिच्यात १०.२ टक्के अल्कोहोल असतं आणि बाटली ३३० मिलीची. म्हणजे एका बाटलीत जवळपास ३४ मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिली पेगात ते १३ मिलीच्या आत भरतं. म्हणजे ही एक छोटी बाटली अडीच पेगांहून थोडी जास्तच झाली. चव इतकी गोल आणि मऊ असते की जिभेला हा हिशेब कळत नाही, गुडघ्यांना कळतो.

बेल्जियममध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि ती सायकलस्वारालाही लागू आहे. पोलीस सायकल थांबवून तपासणी करू शकतात. कुणाला किती चढेल हे वजनावर, पोटात काय आहे त्यावर आणि आदल्या रात्रीच्या झोपेवर अवलंबून असतं, त्यामुळे 'दोन चवींनी काही होत नाही' अशी हमी आम्ही कुणालाच देत नाही. डोकं जरा जरी हलकं वाटलं तरी सांगा. आपण थांबू, चहा घेऊ, गरज पडली तर सायकली हातात धरून चालत जाऊ.

अगदी सुरुवातीच्या वर्षी आम्ही एका दिवसात चार ब्रुअऱ्या ठेवल्या होत्या. चौथ्या ठिकाणाहून निघाल्यावर दगडी फरशीच्या वळणावर आमच्या एका पाहुण्याचा तोल गेला आणि कोपराचं हाड मोडलं. बेत आमचा होता, त्यामुळे चूकही आमचीच. दोन ब्रुअऱ्यांचा नियम तेव्हापासून आहे आणि तो कुणाच्याही आग्रहाने बदलत नाही.

पहिले दोन दिवस : पोपरिंगे आणि आसपास

रेल्वेने पोपरिंगेला उतरायचं. हे त्या मार्गावरचं शेवटचं स्टेशन, पुढे फ्रान्सची हद्द जवळच आहे. स्टेशनापासून दहा मिनिटं पेडल मारलं की हॉप्सची शेतं सुरू होतात. सहा-सात मीटर उंच खांब, त्यावरून ताणलेल्या तारा आणि तारांवर चढलेले वेल. लांबून पाहिलं तर नाशिककडच्या द्राक्षबागेचा मांडव कुणीतरी दुमजली उंचीवर नेऊन ठेवल्यासारखा दिसतो. बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं या वेलाची. वनस्पतिशास्त्रात हा वेल गांजाच्या कुळातला मानला जातो, पण नशेशी त्याचा संबंध नाही. बिअर टिकवणं आणि धान्याच्या गोडव्याला उतारा देणं हे त्याचं काम. तोडणी ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर चालते. तेव्हा गावभर ओल्या हॉप्सचा वास असतो, म्हणून आमची सप्टेंबरची सहल शक्यतो चुकवू नका. जुन्या वजनघरात हॉप्सचं संग्रहालय आहे, तिथे दीड तास ठेवलाय. इथल्या बोलीत हॉप्सला 'हॉमेल' म्हणतात, त्यावरूनच इथल्या बिअरचं नाव हॉमेलबिअर.

पोपरिंगेहून वाटू गाव, तिथून वेस्टव्लेटरेनचा सिंट-सिक्स्टस मठ आणि परत पोपरिंगे, असा साधारण तीस किलोमीटरचा फेरा आहे. वाटूच्या सिंट बर्नार्डुस ब्रुअरीची आणि मठाची गोष्ट एकमेकांत गुंतलेली आहे. १९४६ ते १९९२ या काळात मठाची बाजारात विकायची बिअर परवान्याने याच ब्रुअरीत तयार होत असे. परवाना संपल्यावर ब्रुअरीने स्वतःच्या नावाने बिअर काढणं चालू ठेवलं आणि मठाची सगळी बिअर पुन्हा भिंतींच्या आतच होऊ लागली. त्यामुळे सकाळी वाटूला 'आब्ट १२' आणि दुपारी मठासमोर वेस्टव्लेटरेन '१२' चाखली, की दोन चुलत भावांना एकाच दिवशी भेटल्यासारखं होतं.

मठात बिअर १८३८ पासून होते आहे. 'ट्रॅपिस्ट' (हा इथल्या साधूंचा ख्रिस्ती पंथ) हा शिक्का वाटेल त्याला लावता येत नाही. बिअर मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली व्हायला हवी आणि नफा मठाच्या खर्चासाठी आणि समाजकार्यासाठी जायला हवा. बेल्जियममधल्या आखेल मठात कुणी साधूच उरले नाहीत, तेव्हा २०२१ मध्ये तिथल्या बिअरचा हा शिक्का गेला. वेस्टव्लेटरेनची ब्रुअरी आतून पाहता येत नाही, कृपया तसा आग्रह धरू नका, ते साधूंचं घर आहे. समोरच्या 'इन द व्रेडे' कॅफेत मात्र तिन्ही बिअर मिळतात, आणि मठाचं चीजही. बाटली ओळखायची ती झाकणावरून : हिरवं म्हणजे ब्लाँड, निळं म्हणजे ८, पिवळं म्हणजे १२. कॅफे आठवड्यातले काही दिवस बंद असतो, म्हणून सहलीचा वार आम्ही त्याप्रमाणे ठरवतो.

पहिल्या संध्याकाळी आम्ही जवळच्या इपर शहरात जातो. तिथल्या मेनिन गेटवर पहिल्या महायुद्धात ज्यांचे मृतदेह सापडले नाहीत अशा चोपन्न हजारांहून अधिक सैनिकांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत हिंदुस्थानी शिपाईही आहेत. १९१४ च्या ऑक्टोबरात आपली माणसं इथल्या चिखलात उतरली. शेजारच्या होलेबेकेला ३१ ऑक्टोबरला शिपाई खुदादाद खान यांनी जे शौर्य गाजवलं, त्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले हिंदुस्थानी सैनिक ठरले. रोज रात्री ८ वाजता इथे बिगुल वाजतं. त्या रात्री बिअर आम्ही उशिरा उघडतो, आणि आजवर कुणाही पाहुण्याने त्याबद्दल तक्रार केलेली नाही.

तिसरा आणि चौथा दिवस : झेन नदीचं खोरं आणि लाम्बिक

आमच्या मते सहलीचा जीव इथे आहे. ब्रसेल्सच्या नैर्ऋत्येला पायोटेनलँड नावाचा उंचसखल मुलूख आहे. थोरल्या ब्रुगेल या चित्रकाराने इथलीच शेतं आणि माणसं रंगवली. सिंट-आना-पेडे गावचं त्याच्या १५६८ सालच्या एका चित्रातलं चर्च आजही रस्त्याकडेला उभं आहे, आपण त्याच्यासमोर डबा उघडतो.

या भागातल्या लाम्बिक बिअरमध्ये कुणी यीस्ट घालत नाही. ऐकून परदेशी पाहुणे चकित होतात, मराठी माणसाने होऊ नये. आंबोळीचं पीठ आपण रात्री झाकून ठेवतो, सकाळी ते फुगून आलेलं असतं. गोव्यात माडाची सूर उतरवली की काही तासांत आपोआप आंबते. इथेही हवेत, लाकडात, भिंतींत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांवरच सगळी भिस्त असते. जवाचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) आणि किमान तीस टक्के मोड न आणलेला गहू यांचं पाणी मुद्दाम जुन्या केलेल्या हॉप्ससोबत तासन्‌तास उकळतात. मग ते माळ्यावरच्या रुंद, उथळ हौदात रात्रभर उघडं ठेवतात. खिडक्या उघड्या. सकाळी पिंपात. त्यानंतर थेट वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं.

रात्र थंड असावी लागते, नाहीतर नको ते जंतू आधी मुक्काम ठोकतात. म्हणून हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढंच चालतं. थंड रात्री कमी होत चालल्यात तसा हा हंगामही आखडतो आहे. उन्हाळ्यात येणाऱ्यांना हौद रिकामा दिसेल, हे आधीच सांगून ठेवतो.

एक, दोन आणि तीन वर्षांच्या पिंपांतली लाम्बिक एकत्र करून बाटलीत भरली की ती ग्यूझ. कोवळ्या लाम्बिकमध्ये उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबते आणि फेस धरते. हे मिश्रण जमवणं हा वेगळाच धंदा आहे. काही घरं स्वतः बिअर उकळत नाहीत, दुसऱ्यांची लाम्बिक आणून आपल्या पिंपांत मुरवतात आणि जिभेच्या भरवशावर मिसळतात. आंबट चेरी घालून मुरवली तर ती क्रीक. चेरीबरोबर रास्पबेरीही वापरतात, पण आमचा कौल क्रीकला.

ग्यूझच्या पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं. दुसऱ्यालाही. तिसरा घोट घेण्याआधी ग्लास नाकाशी धरा : कैरी, लिंबाची साल, मागे गोठ्यातल्या कडब्याचा वास. तो वास दोष नाही, 'ब्रेटानोमायसिस' या यीस्टची ती खूण आहे. या यीस्टच्या एका जातीच्या नावात ब्रसेल्सच आहे. तरीही आवडली नाही तर सरळ सांगा, आम्हाला वाईट वाटत नाही.

लेम्बेक, लॉट, बेर्सेल ही गावं झेनच्या काठाने जवळजवळ आहेत, चढ मात्र आहेत. पाचव्या दिवशी ब्रसेल्समध्ये कांतियों ब्रुअरी पाहतो. ती १९०० सालची आहे. पिंपांवरची कोळ्यांची जाळी तिथे मुद्दाम झाडत नाहीत, कारण कोळी माश्या-चिलटं खातात. त्या दिवशी सायकली नाहीत, ट्रामचे रूळ आणि गर्दी नवख्यासाठी बरी नव्हेत.

चाखायचं कसं

'चिल्ड' मागू नका. फार थंड बिअरला चवच उरत नाही. गडद, जड बिअर १२ अंशांच्या आसपास खुलते. तेव्हा तिच्यात काकवी, खजूर, अंजीर, भाजलेल्या पावाची कड असं एकेक उलगडतं. बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो, म्हणून ग्लास तिरका धरून हळू ओता आणि शेवटचं बोटभर बाटलीत राहू द्या. गाळ हवाच असेल तर वेगळ्या ग्लासात घेऊन बघा. प्रत्येक बिअरचा तिच्या नावाचा ग्लास असतो आणि कॅफेवाले त्याबाबत फार काटेकोर असतात. दोन चवींच्या मध्ये पाणी आणि पावाचा तुकडा घ्या, मसालेदार चकणा नको.

गव्हाची पांढरी बिअर पुण्या-मुंबईत अनेकांनी घेतलेली असते. तिच्यात धणे आणि संत्र्याची साल असते. ती बिअर जवळजवळ संपली होती. हूगार्डन गावच्या पिएर सेलिस या दूधवाल्याने १९६६ मध्ये ती पुन्हा सुरू केली.

जेवण

शाकाहारी पाहुण्यांनी हे नक्की वाचावं. बेल्जियममध्ये बटाट्याचे फ्राइज परंपरेने गाईच्या चरबीत तळतात. आम्ही प्रत्येक ठिकाणी विचारून मगच मागवतो, तुम्ही एकटे गेलात तर तुम्हीही विचारा. 'स्टोफव्हलेस' म्हणजे बिअरमध्ये शिजवलेलं गोमांस. पायोटेनलँडात ताज्या मऊ चीजचा थर लावलेला पाव, वर मुळ्याच्या चकत्या आणि कांद्याची पात मिळते. ग्यूझबरोबर याहून चांगलं काही नाही. आमच्या डब्यात थेपले आणि शेंगदाण्याची चटणी कायम असते.

सायकल आणि रस्ता

वाट चुकण्याची भीती नको. १९९५ मध्ये लिम्बुर्ख प्रांतात ह्यूगो बोलन या खाण-अभियंत्याने सायकलवाटांच्या प्रत्येक तिठ्याला क्रमांक द्यायची पद्धत सुरू केली. खाणीतल्या बोगद्यांच्या क्रमांकांवरून त्याला ती सुचली. आज ती सगळ्या फ्लँडर्सभर आहे. दिवसाचे क्रमांक लिहिलेली पट्टी तुमच्या हँडलवर चिकटवलेली असेल, पाटीवर पुढचा आकडा शोधत जायचं.

वाहनं उजव्या बाजूने चालतात, ही सवय व्हायला पहिला अर्धा दिवस जातो. चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. रस्ता लहान असला तरी हा नियम लागू असतो. पोपरिंगेकडे वारा समोरून आला की सपाट रस्ताही घाटासारखा वाटतो. बॅटरीची सायकल हवी असल्यास आधी सांगा, ती घेण्यात काही कमीपणा नाही. हेल्मेट कायद्याने सक्तीचं नाही, आमच्याकडे आहे.

बिअर अजिबात न घेणारे पाहुणेही दर सहलीत असतात आणि त्यांना तितकंच पाहायला मिळतं. वय २१ पूर्ण नसेल तर आम्ही चव देत नाही, इथला कायदा बिअरला १६ व्या वर्षी मुभा देत असला तरी.

परत जाताना

भारतात परतताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काशिवाय नेता येतं. ३३० मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, बरोबर बसतात. ग्यूझच्या ७५० मिलीच्या दोन बाटल्या घेतल्या तर वर एक छोटी मावते. बाटल्या चेक-इन बॅगेत, मोज्यांत गुंडाळून ठेवा. घरी पोहोचल्यावर दोन दिवस उभ्या राहू द्या म्हणजे गाळ बसेल, आणि मेच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवू नका.

नोंदणीच्या फॉर्ममध्ये तुमची उंची सेंटिमीटरमध्ये लिहायला विसरू नका. सायकलची सीट आम्ही आदल्या दिवशीच बसवून ठेवतो.