इ. स. १७०९ : फ्रान्स

चौदाव्या लुईच्या दीर्घ राजवटीतील सर्वांत खडतर वर्षांपैकी हे एक वर्ष होय. स्पेनच्या गादीच्या वारशावरून पेटलेल्या युद्धात (१७०१–१४) फ्रान्सची पीछेहाट चालू होती आणि १७०८ अखेर लील हे महत्त्वाचे शहर शत्रूच्या हाती गेले होते. तशातच कडाक्याची थंडी आणि तिच्यापाठोपाठ अन्नटंचाई आली. या वर्षीच्या लढाया, तहाच्या वाटाघाटी आणि दरबारातील फेरबदल यांच्या मुळाशी पावाचा प्रश्न होता, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्यांची संगती लागत नाही.

५ जानेवारीच्या रात्री थंडीची लाट आली. नद्या गोठल्या आणि धान्याची जलवाहतूक खुंटली. व्हर्सायच्या राजवाड्यात, ज्या दालनांत शेगडी पेटलेली असे तेथेही, कपाटातील मद्यार्काच्या बाटल्या फुटल्याचे सँ-सिमाँ या सरदाराने आपल्या आठवणींत लिहिले आहे. मात्र खरा घात केला तो मधल्या उबाऱ्याने. जानेवारीच्या अखेरीस बर्फ वितळून शेते ओली झाली आणि त्यानंतर पुन्हा सारे गोठले. बर्फाचे पांघरूण गेल्यामुळे पेरलेला गहू मुळासकट मेला. दक्षिणेकडील ऑलिव्हची झाडे आणि अनेक ठिकाणचे द्राक्षमळेही गेले. वसंतात पेरलेल्या सातूने पुढे बराच आधार दिला. पण तो हाती येईपर्यंत धान्याचे भाव गरिबांच्या आवाक्याबाहेर गेले आणि बाजारांत दंगे उसळले. उपासमार व साथी यांमुळे १७०९–१० या काळात नेहमीपेक्षा सुमारे ६ लाख अधिक माणसे दगावली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

तिजोरी रिकामी होती, म्हणून राजाने आपली सोन्याची भांडी टांकसाळीत धाडली. परराष्ट्रमंत्री तॉर्सी स्वतः नेदर्लंड्समधील हेगला जाऊन तहाची याचना करू लागला. मित्रपक्षांनी (ब्रिटन, नेदर्लंड्स, ऑस्ट्रिया इ. फ्रान्सविरोधी आघाडीने) २८ मे रोजी पुढे केलेल्या ४० कलमांत एक अट अशी होती की, लुईचा नातू पाचवा फिलिप स्पेनची गादी सोडत नसल्यास त्याला हटवण्यास लुईनेच साहाय्य करावे. ती लुईने धुडकावली. १२ जूनला त्याने प्रांतांच्या सुभेदारांना उद्देशून पत्र काढले आणि शांततेसाठी आपण कोठवर झुकलो होतो व नकार का दिला, हे प्रजेला कळू दिले. कोणापुढे जाब देण्याची सवय नसलेल्या या राजाने आपली कैफियत मांडावी, ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. त्याच सुमारास युद्धमंत्री शामियार याला दूर करून व्हॉयझँ याला नेमण्यात आले.

उत्तरेकडील फौजेचा सेनापती व्हिलार याच्याजवळ तोफा होत्या, पण पाव नव्हता. आपण रांगांतून फिरताना सैनिक ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’ ही प्रार्थना लॅटिनमधून म्हणून दाखवतात, असे त्याने कळवले होते. तरीही भुकेपोटी लोक सैन्यात भरती होत होते. ११ सप्टेंबरला मालप्लाके येथे मित्रपक्षांचे सेनापती मार्लबरो व युजीन यांच्याशी घनघोर लढाई झाली. व्हिलार जखमी झाल्यावर दुसरा फ्रेंच सेनापती बुफ्लेर याने फौज शिस्तीत मागे घेतली. मैदान मित्रपक्षांना मिळाले. पण त्यांचे २० हजारांहून अधिक सैनिक मारले गेले वा जखमी झाले, तर फ्रेंचांची हानी त्याच्या जवळपास निम्मी होती. ऑक्टोबरमध्ये मॉन्स हे तटबंदीचे शहर पडले, तरी पॅरिसवरील स्वारीचा धोका ओसरला होता.

इतके होऊनही राजाचा धार्मिक कर्मठपणा सैल झाला नाही. २९ ऑक्टोबरला पोर-रुआयाल दे शाँ या जान्सेनवादी (राजाला अमान्य असलेल्या कॅथलिक पंथाच्या) मठातील वृद्ध जोगिणींना पोलिसांकरवी बाहेर काढून निरनिराळ्या मठांत पाठवण्यात आले. युद्ध आणखी काही वर्षे चालले. १७१३ च्या उत्रेख्त तहात फिलिपची स्पेनची गादी कायम राहिली.